दोन फुटी भिंतींच्या घरात वायफाय

आमच्या घरात इंटरनेट यायचं छपरीत, म्हणजे रस्त्याकडच्या पुढच्या भागात, आणि माझं काम चालायचं मागच्या खोलीत. सगळा घोळ एवढाच होता. पण त्या दोन जागांच्या मध्ये जे घर उभं आहे ते ऐकलं की घोळाचा अंदाज येईल.

दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आमचं गाव. घराचे तीन तुकडे आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या काळातले. रस्त्याच्या बाजूचा भाग भाऊजींनी बांधलेला, सिमेंटचा, वर स्लॅब. त्याच्या मागे आजेसासऱ्यांच्या वेळचं धाब्याचं घर. पांढऱ्या मातीच्या भिंती, कुठे दोन फूट तर कुठे त्याहून रुंद, वर लाकडी कड्या आणि त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात इतकं गार की पाहुणे तिथून हलत नाहीत. मग सांदवाडी, म्हणजे घरामागची मोकळी जागा, आणि तिच्या टोकाला ढोरांचा कोठा, तीन बाजूंनी आणि वरून टिन.

फायबरची तार रस्त्याच्या खांबावरून येते, म्हणून तिचा डबा छपरीतच बसवला गेला. बसवणाऱ्या पोराला मी म्हटलं, आत घे. तो म्हणाला, "ताई, एवढीच तार आहे माह्याजवळ." प्लॅन 50 एमबीपीएसचा. छपरीत पुरेपूर मिळायचा. माजघरात गाणं अडकत अडकत वाजायचं. माझ्या खोलीत फोनवर वायफायची एक काडी दिसायची, आणि ती नुसती दिसायचीच. मी घरून हिशेबाचं काम करते, दिवसभर फायली वर चढवाव्या लागतात, मीटिंगही असते. काही महिने मी छपरीत बसून काम केलं. छपरी ही गावाकडच्या घरातली सगळ्यात वाईट कचेरी. येणारा प्रत्येक माणूस आधी तुमच्याशी बोलतो, मग विचारतो की भाऊ घरी आहेत का.

त्यात बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, मागणी आली. कोठ्यात कॅमेरा पाहिजे. गाय गाभण होती, आणि आसपासच्या गावांतून ढोरं चोरीला जाण्याच्या गोष्टीही कानावर येत होत्या.

अमरावतीच्या दुकानात विचारलं तर मेश नावाचा तीन डब्यांचा संच दाखवला. दिसायला सुंदर, किंमत एका क्विंटल कापसाहून जास्त. पण मला एक प्रश्न पडला. हे तीन डबे एकमेकांशी कशाने बोलणार? वायर ओढली नाही तर वायरलेसनेच. म्हणजे जी भिंत माझ्या फोनला आडवी येते तीच त्यांनाही येणार. फ्लॅटमधल्या चार इंची विटांच्या भिंतींसाठी हा संच ठीक असेल. आमच्या भिंतीसमोर तो काय करणार होता, कोण जाणे. मी हात हलवत परत आले.

घरी आधी मोजमाप केलं. फोनवर वायफाय ॲनालायझर नावाचं ॲप टाकलं की सिग्नल आकड्यात दिसतो, डीबीएममध्ये, आणि आकडा उणे असतो. उणे 50 म्हणजे उत्तम, उणे 70 पर्यंत काम निघतं, उणे 80 च्या खाली नाद सोडायचा. यात एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. आकडा 3 ने घसरला की सिग्नलची शक्ती निम्मी होते, 10 ने घसरला की दहावा हिस्सा उरतो. म्हणून उणे 60 आणि उणे 80 यांत वीसचा नाही, शंभर पटींचा फरक असतो. फोन हातात धरून मी घरभर फिरले. छपरीत उणे 40 च्या आसपास, धाब्याच्या पहिल्या खोलीत साठीत, माजघराची भिंत ओलांडली की एकदम ऐंशीच्या खाली. कोठ्यात तर नावच दिसेना. सासूबाई बघत होत्या. "काय शोधू राह्यली वं, पाणी पाह्यते का काय नारळ घेऊन?"

माजघराच्या भिंतीला एवढा मोठा धक्का का बसतो हे पाहिलं, तर तिथे गहू आणि ज्वारीच्या टिनाच्या कोठ्या ओळीने उभ्या. माती सिग्नल गिळते, टिन तो परतच पाठवतं. दोन्ही मिळून काम तमाम. कोठ्या पलीकडच्या भिंतीला सरकवल्यावर आकडा थोडा सुधारला, पुरेसा नाही. वायफायचे दोन पट्टे असतात, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झचा. त्यातल्या 5 चा तर तिथे पत्ताच नव्हता. हा पट्टा वेगवान खरा, पण भिंतीत 2.4 पेक्षा लवकर मरतो. मातीच्या घरात 2.4 हाच आधार.

मग लोखंडी पेटी उघडली. प्रत्येक घरात असते तशी आमच्याकडेही वायरींची, चार्जरची, बंद पडलेल्या फोनची एक पेटी आहे. तिच्यातून तीन राउटर निघाले. एक टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं त्या काळातला एडीएसएल मोडेम, मागे चार लॅन पोर्ट आणि एक टेलिफोनची खाच. बाकीचे दोन टीपी-लिंकचे 841एन, दोन अँटेनांचे. एक भाऊजींच्या दुकानातला, एक माझ्या अमरावतीच्या खोलीवरचा. तिन्ही सुरू झाले. ॲडॉप्टर मात्र सगळे एकमेकांत मिसळलेले. मोडेम 12 व्होल्टचा, 841एन 9 व्होल्टचे, आणि पिना दिसायला सारख्याच. राउटरच्या पोटावरचं लेबल वाचल्याशिवाय पिन खुपसायची नाही, असं मी पुतण्याला बजावून ठेवलं.

सोपा वाटणारा मार्ग म्हणजे वायरलेस जोड. 841एनमध्ये डब्ल्यूडीएस नावाची सोय असते. ती चालू केली की राउटर पुढच्या राउटरचा सिग्नल उचलून मागे वाटतो. भोक नको, वायर नको. हे करून पाहिलं. डब्ल्यूडीएसचं असं की त्याचं सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेलं एकच प्रमाण नाही, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांचे डबे जुळतील याची खात्री नसते. छपरीतला डबा आणि 841एन कधी जुळायचे, कधी रुसायचे. त्यात छपरीतल्या डब्याचं चॅनल, म्हणजे वायफायच्या पट्ट्यातली त्याची गल्ली, ऑटोवर होतं. त्याने मनाने चॅनल बदललं की जोड तुटायची. चॅनल ठरवून दिलं तेव्हा जोड टिकली, पण वेग पार पडला. याचं कारण साधं आहे. राउटरमध्ये रेडिओ एकच. तो एका क्षणी एक तर ऐकतो, नाही तर बोलतो. प्रत्येक गोष्ट ऐकून पुन्हा सांगायची म्हणजे वेळ दुप्पट, वेग निम्मा. आणि तोही मुळात भिंतीतून गळून आलेल्या सिग्नलचा निम्मा. मागच्या खोलीत पाच-सहा एमबीपीएस हाती लागले. मीटिंगमध्ये माझा चेहरा गोठायचा.

तेव्हा वायरच. राउटरांना जोडायला वायर आणि माणसांना जोडायला वायरलेस, असं माझं मत तेव्हा पक्कं झालं.

इथरनेटची केबल 100 मीटरपर्यंत बिनदिक्कत जाते, आम्हाला त्याच्या निम्मीही नको होती. बाजारात दोन प्रकार मिळतात. स्वस्तात आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा, महागात निखळ तांबं. कॅमेरे बसवणारे बहुधा पहिली वापरतात. ती वाकवली की आतल्या आत तुटते, आणि मग दोष कुठे हे शोधत बसावं लागतं. मी तांब्याची, कॅट 5ई घेतली. टोक सोलून चाकूने खरवडलं की कळतं. आत पांढरी चमक दिसली की ते ॲल्युमिनियम.

खरा प्रश्न भिंतीचा होता. सासूबाईंनी आधीच सांगून टाकलं, "भितीले भोक पाडू नोको वं बाई. आधीच धाबं गयते, तेच लय झालं." त्यांचं चुकीचं नव्हतं. जुन्या मातीच्या भिंतीत ड्रिल लावलं तर भोकाभोवतीची माती ओघळत राहते, आणि घरातल्या ड्रिलचं पातं भिंतीच्या अर्ध्यातही पोहोचत नाही. मग सब्बल. सब्बलीने भोक नाही, भगदाड होतं. बहुतेक भिंतींना दारं होतीच, तिथे चौकटीच्या वरच्या फटीतून केबल गेली. अडली ती माझ्या खोलीच्या भिंतीपाशी. तोडगाही शेवटी सासूबाईंनीच काढला. छताजवळ बोट दाखवून म्हणाल्या, "तिथून टीवीची वायर यायची ना." दूरदर्शनच्या अँटेनाची चपटी वायर जिथून आत यायची ते भोक चिंध्या आणि शेणामातीने बुजवलेलं होतं. पुतण्या शिडीवर चढला, खिळ्याने टोकरून बोळा काढला. पलीकडून उजेड दिसला. त्यातून केबल सरकवली आणि त्यांनीच वरून पुन्हा लिंपून घेतलं.

केबलला टोकं बसवणं मला मनापासून आवडलं. वरचं आवरण सोललं की चार जोड्या निघतात, एकमेकींना पीळ घातलेल्या. पीळ उलगडून आठही तारा सरळ करायच्या, एका ओळीत धरायच्या आणि क्रम लावायचा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मध्ये हिरव्याची जोडी फुटते आणि तिच्या पोटात निळी बसते, तिथेच सगळ्यांचं चुकतं. टोकं कात्रीने एकसारखी कापायची, नाही तर एखादी तार मागे राहते. प्लास्टिकच्या खाचेत ढकलायची, समोरून पाहायचं की आठही टिंबं चमकतात का, आणि मग पक्कड दाबायची. जुन्या राउटरांचे पोर्ट 100 एमबीपीएसचे असतात आणि त्यांना यातल्या चारच तारा लागतात, पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. म्हणून एखादी तपकिरी नीट बसली नाही तरी काम चालतं. पुतण्याला हे कळल्यापासून तो तपकिरीकडे बघतच नाही.

आता जुळणी. छपरीतल्या डब्यातून केबल माजघरातल्या एडीएसएल मोडेमला, त्याच्या दुसऱ्या पोर्टमधून पुढची केबल माझ्या खोलीतल्या 841एनला. टेलिफोनच्या खाचेला कुणी विचारत नाही. चार लॅन पोर्ट असल्यामुळे तो मोडेम फुकटातला स्विच, म्हणजे केबलींना फाटे फोडणारा डबा, झाला. 841एनमध्ये केबल निळ्या पोर्टात घालायची नाही, पिवळ्यात घालायची. निळा पोर्ट बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठी असतो. तिथे घातली तर राउटर स्वतःचं वेगळं जाळं उभं करतो आणि छपरीतला फोन माझ्या खोलीतल्या प्रिंटरला ओळखत नाही.

केबल लावण्याआधी प्रत्येक राउटर सुटा घेऊन लॅपटॉपला जोडला आणि दोन गोष्टी बदलल्या. पहिली, पत्ता. मोडेमचाही पत्ता 192.168.1.1 आणि छपरीतल्या डब्याचाही तोच. एका गावात एका नावाचे दोन पोलीस पाटील कसे चालतील? मोडेमला शेवटचा आकडा .2 दिला, 841एनला .3, आणि छपरीतल्या डब्याला सांगितलं की तू फोनांना पत्ते वाटशील ते .20 च्या पुढचे. दुसरी, डीएचसीपी बंद. पत्ते वाटण्याचं काम घरात एकानेच करायचं. दोघं वाटू लागले की कुणाला काय मिळेल याचा नेम नाही, आणि मग अर्ध्या फोनांवर वायफाय जोडलेलं दिसतं पण काहीच उघडत नाही. क्रमही हाच ठेवायचा, आधी पत्ता आणि मग डीएचसीपी. उलटं केलं तर लॅपटॉपला पत्ता मिळत नाही आणि तो हाताने लिहावा लागतो.

मोडेमच्या वायफायचा वेग 54 एमबीपीएसच्या वर चढत नव्हता. त्यात सुरक्षेची निवड जुनीच, टीकेआयपी होती. वायफायच्या 11एन प्रमाणात टीकेआयपीसोबत वरचे वेग मिळतच नाहीत. त्याजागी नवी निवड, डब्ल्यूपीए2 आणि एईएस, केली, गाडी पुढे सरकली. नाव आणि पासवर्ड तिन्हींना एकच, चॅनल मात्र वेगळं: छपरीत 1, माजघरात 6, माझ्याकडे 11. 2.4 च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी ही तीनच. शहरात शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी असते, आमच्याकडे हा पट्टा वावरासारखा मोकळा आहे. गावात राहण्याचा एवढा एक फायदा तरी मोजावा.

माझ्या खोलीत 45 च्या आसपास एमबीपीएस यायला लागले. मग एका संध्याकाळी सगळ्या घराचं इंटरनेट एकाच वेळी झोपलं. तिन्ही डब्यांचे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. पुतण्याने उरलेल्या तुकड्याला टोकं बसवून सराव केला होता आणि वायर चालते का ते पाहायला तिची दोन्ही टोकं मोडेमच्याच दोन पोर्टांत घातली होती. या स्वस्त डब्यांना आपण गोल फिरतोय हे कळत नाही. एकच निरोप फिरत राहतो, वाढत राहतो, आणि बाकी सगळं तुंबतं. तुकडा काढला, दिवे शांत झाले. "काकू, मी तं फक्त चेक करू राह्यलो होतो!"

फोन मात्र आळशी असतात. छपरीतून माझ्या खोलीत आलं तरी फोन छपरीचाच मरतुकडा सिग्नल धरून बसतो, कारण कोणता राउटर धरायचा हे फोन ठरवतो, राउटर नाही. छपरीतल्या डब्याची प्रसारणशक्ती सेटिंगमध्ये एक पायरी कमी केली, तेव्हा फोन लवकर हात सोडू लागले. सिग्नल कमी केल्याने घर सुधारलं, हे भाऊजींना अजून पटलेलं नाही.

आता कोठा. सांदवाडी ओलांडून तांब्याची वायर न्यायची नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. मिरगाच्या तोंडाशी आमच्याकडे विजा कशा पडतात हे ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. वीज अंगावरच पडावी लागते असंही नाही, जवळपास पडली तरी उघड्यावरच्या तांब्याच्या तारेत झटका उतरतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात. शिवाय धाब्यावर वानरं येतात आणि त्यांना लोंबणारी वायर म्हणजे खेळ. पुरावी म्हटलं तर आमची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. त्या ओढाताणीत साधी केबल किती टिकणार?

इथे डब्ल्यूडीएस कामी आलं. दोन्हीकडे एकाच कंपनीचे 841एन असल्यामुळे जोड पहिल्या झटक्यात लागली. माझ्या खोलीची खिडकी सांदवाडीकडे उघडते, तिथे एक राउटर, आणि कोठ्याची उघडी बाजू जिकडे आहे तिथल्या खांबावर दुसरा. मध्ये फक्त हवा आणि एक कडुलिंब. टिनाच्या आत ठेवला तर काहीच ऐकत नाही, दोन हात बाहेर आणला की ठणठणीत. चॅनल दोघांचं एकच, 11. वेग निम्मा होतो तो होऊ दे. कॅमेऱ्याला एक-दोन एमबीपीएस पुष्कळ, आणि असे स्वस्त कॅमेरे बहुतेक 2.4 वरच चालतात.

पावसाळ्यात एक गोष्ट पाहायला मिळाली. एप्रिलमध्ये छपरीतल्या डब्याचा जो आकडा माजघरात दिसायचा तो ऑगस्टमध्ये आणखी खाली गेला. भिंती ओल पितात, आणि ओली भिंत कोरड्या भिंतीहून जास्त सिग्नल खाते. केबल असल्यामुळे आम्हाला त्याची झळ लागली नाही.

जुन्या राउटरांना नवीन फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, येत नाही, ही मात्र खरी अडचण आहे. ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत फर्मवेअर टाकण्याचा विचार मी केला होता. पण माझ्या 841एनमध्ये 4 एमबी फ्लॅश आणि 32 एमबी रॅम, आणि अशा डब्यांना 19.07 या आवृत्तीनंतर ओपनडब्ल्यूआरटीने जागा ठेवली नाही. म्हणून कंपनीचंच फर्मवेअर राहू दिलं. ॲडमिनचा पासवर्ड बदलला, डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डाशिवाय बटणाने जोडण्याची सोय, आणि बाहेरून हाताळण्याची सोय बंद केली. समोर छपरीतला डबा असल्यामुळे हे थेट इंटरनेटला तोंड देत नाहीत. घरापुरतं मला ते चालतं. दुकानात किंवा सेवा केंद्रात मी असे डबे लावणार नाही.

आणि लाइन, म्हणजे वीज. हे सगळं लाइन असेपर्यंत. आतल्या तिघांना छोटे यूपीएस घेतले, 12 व्होल्टचे दोन आणि 9 व्होल्टचा एक. कोठ्यात पुतण्याने फवारणी पंपाची बॅटरी लावली, 12 व्होल्ट 8 एएच, आणि व्होल्टेज उतरवणारे एलएम2596 चे दोन छोटे बोर्ड, एक 9 व्होल्टला राउटरसाठी, एक 5 व्होल्टला कॅमेऱ्यासाठी. जोडण्याआधी मीटर लावून बोर्डाचा स्क्रू फिरवत व्होल्टेज जुळवायचं, नाही तर राउटर गेलाच. रात्र आरामात निघायची. गायीला गोऱ्हा झाला तो बाबांनी पलंगावरूनच पाहिला आणि मग काठी घेऊन धावले.

कपाशीवर फवारणी सुरू झाली तशी बॅटरी पंपात परत गेली आणि कोठा अंधारात. बाबांनी स्वतः अमरावतीला जाऊन 12 व्होल्ट 7 एएचची वेगळी बॅटरी आणली. आता पंपाची बॅटरी पंपाला आणि ही कोठ्याला. चार्जर दोघींत एकच आहे, आणि संध्याकाळी तो आधी कुणाला लागेल यावरून बाबा आणि भाऊजींचं रोज वाजतं.